नरड्यातला काळा ठिपका

सन दोन हजार बारा. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न. घनसावंगीत माझी पिठाची गिरणी, आणि गिरणीच्या मागं एक खोली रिकामी. माझी शाळा तिसरीत सुटली, हे मी कुणालाही सांगतो. गिरणी मात्र कुणाच्या हातापाया न पडता टाकली, हेही सांगतो. त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला एक उंच, वाळका माणूस गिरणीच्या दारात आला आणि आत न येता, दारापासून दोन हात लांब उभा राहिला.

"खोली तुमचीच का?"

"माझीच. आत या की."

"आधी ऐकून घ्या. माझं काम सापाच्या विषाचं आहे. विष मी इथं आणणार नाही, ते शहरात आमच्या प्रयोगशाळेत असतं. इथं फक्त मी राहणार. हे ऐकून द्यावीशी वाटली तर द्या."

खोली मागायला येणारा माणूस आधी भाडं विचारतो आणि मग आपलं चांगलं चांगलं सांगतो. ह्यानं आधी स्वतःचं वाईट सांगितलं. मी खोली दिली.

आमच्याकडं विषाला ईख म्हणतात. त्यावरून गावात त्यांचं नाव पडलं इखवाले सर. मूळचे अंबडकडचे. घरात उर्दू, बाहेर आपली मराठी. सगळी उमर मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत गेली. नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती आणि त्यांना एकच गोष्ट शोधायची होती, ती म्हणजे नाग चावल्यावर ईख अंगात जातं कुठं, बसतं कुठं आणि निघतं कुठून. अर्धा आठवडा ते आमच्या सरकारी दवाखान्यात चावलेल्या माणसांजवळ बसून काय काय होतंय ते विचारायचे. उरलेला अर्धा आठवडा शहरात त्यांच्या उंदरांपाशी.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. गावात त्यांच्या गमती अजून सांगतात. गमती खऱ्याच आहेत, मीही सांगतो. पण नुसत्या गमती सांगितल्या तर माणूस अर्धाच राहतो.

पहिल्या दिवशी माझ्या बायकोनं चहा दिला. सरांनी कप हातात धरला आणि म्हणाले, "भाभी, एक ताट मिळेल का? आणि थोडी रद्दी." ताटात रद्दी पसरली, तिच्यावर कप ठेवला आणि मग चहा प्यायले. बायको आत जाऊन मला म्हणाली, "आपल्या कपाला बूड न्हाई का? का आपल्या घरात सांडासांड चालती?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "आम्ही ज्या वस्तूशी काम करतो तिला रंग नाही, वास नाही. थेंब सांडला तर कळतसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक काम ताटात, कागदावर. सांडलं तरी कुठं सांडलं ते ठाऊक असतं. तीस वर्षांची सवय आहे. भाभींना सांगा, त्यांच्या कपावर संशय नाही, माझ्या हातावर आहे."

बायकोचा राग काही एकदम गेला नाही. पण त्यांच्यासाठी एक ताट मात्र तिनं वेगळं काढून ठेवलं.

दुसरी सवय तालमीची. प्रयोगशाळेत खरं काम करण्याआधी तेच सगळं नुसत्या पाण्यानं करून बघायचं असतं म्हणे. कुठं हात अडतो, कुठं बाटली लागते, ते आधीच कळावं. सर सगळ्याच गोष्टींची तालीम करायचे. उद्या शहरात जायचं असलं की आज संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन स्टँडवर जायचे, जिथं गाडी लागते तिथं उभे राहायचे आणि परत यायचे. पानवाला विचारायचा, "सर, गाडी चुकली का?" सर म्हणायचे, "नाही, गाडी उद्या आहे."

माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते मांडवात आले. मांडवात फक्त खुर्च्या मांडणारी माणसं. सर नवा सदरा घालून रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार करत पुढं गेले, स्टेजपाशी थांबले आणि तसेच मागं फिरले.

"सर, लग्न उद्या हाय," मी म्हणालो.

"म्हणून तर आज आलो," ते म्हणाले. "तुमच्या स्टेजची तिसरी पायरी हलते आहे."

खरंच हलत होती. पण तो त्यांचा शहाणपणा नव्हे, ती त्यांची भीती होती. अचानक काही झालेलं त्यांना सोसायचं नाही.

प्रयोगशाळेत त्यांच्या कामात अंगाला घातक किरण असतात, त्यांच्यापासून वाचायला त्यांच्याकडं तीन नियम: लांब उभं राहा, लवकर आटपा, मधे आडोसा ठेवा. हे नियम सरांनी माणसांनाही लावले होते. माझा एक मेव्हणा फार बोलतो. बोलायला लागला की समोरच्याचं दळण करून सोडतो. तो आला की सर दोन हात लांब, मधे ज्वारीचं पोतं, आणि दोन वाक्यांत पसार. मेव्हणा मला म्हणायचा, "दाजी, तुमचा भाडेकरू लई घमेंडी हाय." मी म्हणायचो, "घमेंडी न्हाई, शिकलेला हाय." ह्या दोन्हींत फरक आहे हे मेव्हण्याला कधी पटलं नाही.

आता त्यांचं बोलणं. सर कधी 'नक्की' म्हणायचे नाहीत. गाडी येईल का? बहुतेक. आज मंगळवार ना? बहुतेक. बायको हसून म्हणायची, "सर, तुमचं नाव तरी पक्कं हाय ना?" ते म्हणायचे, "कागदावर तरी तेच आहे."

आणि चुकून काही बोलून गेले, तर ते परत घ्यायला त्याच जागी जायचे. एकदा जांब समर्थला निघालेल्या जीपवाल्याला त्यांनी सांगितलं की पुलापाशी रस्ता बंद आहे. तो बिचारा लांबून फिरून गेला. रस्ता उघडाच होता. दुसऱ्या दिवशी सर सकाळपासून जीपच्या अड्ड्यावर उभे. प्रत्येक जीपवाल्याला विचारतायत, "काल तुम्ही होतात का?" शेवटी तो सापडला. जीपमधल्या सगळ्या माणसांदेखत सर त्याला म्हणाले, "काल मी चुकीचं सांगितलं. रस्ता उघडा होता." जीपवाला म्हणाला, "अहो सर, मला कालच कळलं ना. मीच तर गेल्तो." सगळी जीप हसली. सर नुसते उभे राहिले.

मी त्यांना म्हणालो, "सर, एवढं कशाला?"

"आमची अम्मी म्हणायची, जाँ बोले, वहींच वापस लेना." एवढंच उत्तर.

ईख कुठं जातं हे कसं दिसतं, ते त्यांनी मला माझ्याच गिरणीत दाखवलं. मी एकाच जात्यावर सगळं दळतो, म्हणून हळद नेहमी शेवटी. मधे हळद दळली तर पुढच्या बाईची भाकर पिवळी होते आणि ती माझा उद्धार करते. सर म्हणाले, "गिरणीवाले, तुमचं पीठ हवेत उडून कुठं कुठं बसतं ते सांगता येईल?"

"कसं सांगणार? सगळीकडंच पांढरं हाय."

"त्यात थोडी हळद घाला."

घातली. जरा वेळानं बघितलं तर माळवदाच्या लाकडावर पिवळं, गणपतीच्या तसबिरीवर पिवळं, माझ्या भुवयांवर पिवळं. सर म्हणाले, "ईख म्हणजे पीठ. अंगात गेलं की दिसत नाही. म्हणून आम्ही त्याला एक खूण बांधतो. ती खूण आपोआप किरण सोडत राहते. उंदराला अगदी थोडं टोचायचं. मग त्याचा कागदासारखा पातळ काप फिल्मवर ठेवायचा. जिथं खूण, तिथं फिल्म काळी."

"अन् उंदीर?"

"उंदीर मरतो," ते म्हणाले. मग पिठाकडं बघत राहिले. "त्याचं देणं माझ्यावर आहे. म्हणून फोटो वाया घालवायचा नाही."

आता माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझा थोरला भाऊ उसाला पाणी देताना नाग चावून गेला. मी तेव्हा पंचविशीतला. त्याच्या पापण्या पडायला लागल्या, आवाज नाकातून यायला लागला, मग थुंकी गिळता येईना. आमचे बाबा म्हणाले, ईख नरड्यात बसलं. आमच्या भागात तेव्हा रीत होती, नाग चावलेल्याच्या तोंडात पातळ केलेलं तूप ओतायचं. त्यानं नरड्यातलं ईख सुटतं आणि उलटून पडतं. बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तूप ओतलं. भाऊ ठसकला, निळा पडला. अंबडच्या वाटेवरच गेला.

वहिनी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. तेराव्याला, भरल्या घरात, सगळ्या सोयऱ्यांदेखत ती बाबांना म्हणाली, "तुम्ही त्यांना तुपात बुडवून मारलं." मग जांबला माहेरी गेली ती परत आली नाही. सासऱ्याला असं बोलली म्हणून तिच्या भावांनीही तिला बोल लावले. आम्ही तर लावलेच. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. बाप लेकाला मारील का? बाबा त्या गोष्टीवर कधी काही बोलले नाहीत. त्यांच्यामागं त्यांच्या वाटचं मीच बोलत राहिलो. वहिनीच्या वाट्याचं धान्य दर साली पोचतं केलं, पण तिच्या दारी मी गेलो नाही. तीस वर्षं मी एकच म्हणत होतो, ईख नरड्यातच बसतं, बाबा चुकले नाहीत.

म्हणून सर खोलीत राहायला आले तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, "सर, तुम्ही काय शोधून राह्यले ते आम्हाला ठाऊक हाय. ईख नरड्यात बसतं." बाबांचं, तुपाचं काही सांगितलं नव्हतं.

सर म्हणाले, "बघू. बहुतेक नाही."

त्या उन्हाळ्यात सर शहरात जाताना शहागडला उतरून गोदावरीच्या पात्रातली टरबुजं घ्यायचे. मला वाटायचं, प्रयोगशाळेतल्या माणसांसाठी. ती उंदरांसाठी होती. उन्हानं उंदीर सुकतात म्हणून हा माणूस त्यांना टरबुजाच्या फोडी चारायचा. मरणाऱ्या पाहुण्याला गोड द्यावं तसं.

आणि आषाढात ते फोटो घेऊन आले. ताटात रद्दी पसरून तिच्यावर फोटो ठेवला. उंदराचा उभा काप. टोचलेला पाय काळा, गुर्दे काळे, आणि नरड्यापाशी एक ठिपका. काळाकुट्ट.

मी किती वेळ बघत राहिलो ठाऊक नाही.

सर म्हणाले, "मी तुम्हाला बहुतेक नाही म्हणालो होतो. तुमचं म्हणणं बराबर दिसतंय."

नागपंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, तळत नाहीत, दळत नाहीत. गिरणी बंद, म्हणून गिरणीच्या ओट्यावर माणसं बसलेली. मीच सरांना बाहेर बोलावलं. मीच फोटो फिरवायला लावला. म्हातारी माणसं माना हलवत होती. मी सगळ्यांदेखत विचारलं, "सर, ईख नरड्यात दिसतंय ना?"

"दिसतंय."

"नक्की?"

सर जरा थांबले. त्यांचं तोंड त्या दिवशी नवरदेवासारखं खुललं होतं. सगळी उमर शहरात कुणी त्यांचं एवढं ऐकून घेतलं नसावं. म्हणाले, "नक्की."

मी तो फोटो एका सोयऱ्याच्या मोबाइलात घालून जांबला पाठवला, वहिनीला दाखवायला. तिच्या भावांना आणि शेजाऱ्यांनाही दाखवायला सांगितलं. सोयरा परत येऊन म्हणाला, "बघितला त्यांनी."

"काय म्हणली?"

"बरं, म्हणल्या. अन् मोबाइल माघारी दिला."

मला वाटलं, झालं. बाबा सुटले.

भादव्यात कापसात खुरपणाऱ्या एका बाईला नाग चावला. आवाज बसला तशी घरच्यांनी तिच्या तोंडात तूप ओतलं आणि जीपमधून दवाखान्यात आणली. सर तिथंच होते. डॉक्टरांनी नळी घालून छातीतलं तूप ओढलं, फुगा दाबून श्वास चालू ठेवला आणि तिला जालन्याला पाठवलं. बाई वाचली, पण लई दिवसांनी घरी आली.

सरांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "तूप कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "आता रीत मोडीतच निघाल्ती, सर. पण पंचमीला तुम्हीच म्हणले ना, ईख नरड्यात असतं म्हणून. मंग आम्ही जल्दी तूप काढलं."

त्या दुपारी सर गिरणीत आले. हातात भरलेली पिशवी. आदल्या दिवशी स्टँडवर गेले नव्हते. म्हणाले, "गिरणीवाले, शहरात चाललो." आणि गेले.

पंधरा-वीस दिवस त्यांचा पत्ता नाही. बायको म्हणाली, "त्यांचं ताट आवरून ठेवू का?" मी म्हणालो, राहू दे.

परत आले ते अजून वाळून. म्हणाले, "गिरणी जरा बंद ठेवा. पंचमीला जे जे ओट्यावर होते ते सगळे मला हवेत. नवे आले तर चालतील, पण जुना एकही सुटायला नको."

मी विचारलं, "काय झालं?"

"तिथंच सांगतो. दोनदा सांगायची ताकद नाही."

माणसं जमली. सर ओट्यावर त्याच जागी उभे राहिले. म्हणाले, "पंचमीला मी तुम्हाला सांगितलं की ईख नरड्यात बसतं. नक्की म्हणालो. ते चूक आहे."

सरांनी मग सगळं समजावून सांगितलं. ईखाला बांधलेली खूण किरण सोडणाऱ्या आयोडीनची होती. मिठात असतं ते आयोडीन. ईखापासून थोडी खूण सुटी होते आणि एकटीच फिरते. आणि गळ्यात एक गाठ असते, तिला आयोडीन लई आवडतं. सुटी खूण जाऊन त्या गाठीत बसते. पिठातली हळद सुटून एकीकडं जमा व्हावी, तसं.

"हे मला ठाऊक होतं," सर म्हणाले. "प्रत्येक शिकाऊ पोराला ठाऊक असतं. म्हणून आधी उंदरांना साध्या आयोडीनचं पाणी पाजतात. गाठ भरून जाते, मग खुणेला तिथं जागा राहत नाही. मी ते पाणी ठेवलं होतं. पण ते कडू लागतं. आणि मी त्यांना टरबूज देत होतो. उंदरांनी टरबूज खाल्लं, पाणी प्यायलंच नाही. बाटल्या गळून रिकाम्या झाल्या, मला वाटलं, प्यायले. आता परत करून बघितलं. टरबूज न देता, पाणी खरंच पाजून. नरड्यात काही नाही. मग नुसती खूण टोचली, ईख नाहीच. तर नरडं काळं. तो ठिपका ईखाचा नव्हता."

ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी उंदरानं टरबूज खाल्लं अन् आम्ही बाईला तूप पाजलं."

दोघं-तिघं हसले. सर म्हणाले, "हो. तसंच झालं."

दुसरा म्हणाला, "सर, तुम्ही बोलले नसते तर आम्हाला काय कळलं असतं? झाकायची ना."

"तूप कुणी ओतायचं नाही," सर म्हणाले. "हे नक्की. नाग चावल्यावर गिळता येत नाही. तोंडात काहीही घातलं की ते छातीत जातं. पाणीसुद्धा नाही. पडून राहायचं, हलायचं नाही, दवाखाना गाठायचा."

मी उठलो. सगळ्यांदेखत उठलो.

"तुम्ही नक्की म्हणाल्तात."

"म्हणालो होतो."

"मंग?"

"चुकलो."

"तुमचं चुकणं तुमच्यापाशी ठेवा. मी सगळ्या तालुक्याला सांगून बसलो. माझ्या बापाचं काय?"

सरांना काही कळलं नाही. म्हाताऱ्या माणसांना कळलं. ती खाली बघायला लागली, मग एक एक करून उठून गेली.

मी आत जाऊन जात्यापाशी बसलो. सर मागं आले. नेहमी दोन हात लांब उभा राहणारा माणूस, त्या दिवशी येऊन माझ्या शेजारी, पिठात, खाली बसला. ताट नाही, कागद नाही. म्हणाले, "वडलांचं काय?"

मी सांगितलं. भाऊ, मांडी, तूप, वहिनी, तेरावा. जांबला फोटो पाठवला तेही सांगितलं. सगळं एका दमात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या वडलांनी जे बघितलं ते खरं बघितलं. गळा बंद होतो. नागाचं ईख रक्तातनं सगळीकडं जातं. जिथं शीर मांसाला हुकूम देते, ती जागा ते अडवतं. मग पापणी उचलत नाही, गळा गिळत नाही, शेवटी छाती हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटणारच की नरड्यात काहीतरी अडकलंय. मलाही फोटो बघून तेच वाटलं. आणि मी शिकलेला."

"अन् तूप?"

ते पिठात बोटानं रेघ ओढत राहिले.

"सर, तूप?"

"छातीत गेलं असेल. बहुतेक."

"बहुतेक का नक्की?"

"बहुतेक," सर म्हणाले. "मी तिथं नव्हतो. ईखानंही गेले असते. तेव्हा इथं सापाची लस कुठं होती? पण तूप ओतल्यावर ठसकले, निळे पडले, असं तुम्ही सांगताय. ते बघून कुणी म्हणालं असेल की तुपानं गेले, तर ते माणूस खोटं बोलत नव्हतं."

मला राग आला. सरांचा नव्हे. कुणाचा ते अजून सांगता येत नाही. मी म्हणालो, "माझा बाप खुनी नव्हता."

"नव्हता," सर म्हणाले. "हे नक्की."

मग कपडे झटकून उठले आणि म्हणाले, "फोटो जांबला कुणाकुणाला दाखवला, सांगा. मी उद्या जातो. माझी चूक आहे."

मी म्हणालो, "तुम्ही जायचं न्हाई. ते घर माझं हाय."

"बघा, मी येतो सोबत—"

"न्हाई म्हणलं ना, सर."

त्यांनी मान हलवली. जाताना दारात थांबून म्हणाले, "माझं नाव तरी सांगा तिथं. सरांनी चूक केली म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडली नाही. पहिल्या जीपनं जांबला गेलो. जीपमध्ये देवदर्शनाची माणसं, मांडीवर नारळ घेऊन बसलेली.

वहिनी अंगणात तूर पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हातातलं सूप तसंच धरून ठेवलं. मी फाटकाच्या आत आलो, पण बसलो नाही. सारी वाट मी ठरवत आलो होतो की आधी सरांचं सांगायचं, उंदरांचं सांगायचं, टरबुजाचं सांगायचं. तिथं उभा राहिलो तर त्यातलं काहीच तोंडात येईना.

"फोटो खोटा निघाला, वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही बराबर होत्या."

तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई."

ती सूप खाली ठेवून उठली. फाटकापाशी गेली आणि फाटक सताड उघडलं. शेजारच्या ओट्यावर दोन बाया बसल्या होत्या. समोरच्या दारात तिचा धाकटा भाऊ दात घासत उभा होता.

"मोठ्यानं बोला, भाऊजी," ती म्हणाली. "मी मोठ्यानं बोलले होते."

मी मोठ्यानं बोललो.